उत्तरदाती क्रमांक दोनशे सतरा

"वाळवीनं खाल्ले," बद्रीनाथ म्हणाला आणि टेबलावर नसलेली धूळ फडक्यानं पुसायला लागला.

"कधी?" शीतलनं विचारलं.

"मागच्या पावसाळ्यात."

"तीनशेचे तीनशे?"

"वाळवी काय मोजून खाती का?"

"न्हाई ना. म्हणूनच इचारून राह्यले. वरच्या फळीवरचे जुने पेपर सोडले तिनं, खालची फाटकी गाईडं सोडली, आन नेमकी आदिनाथ सरांची पीएचडी खाल्ली. शिकलेली दिसती."

बद्रीनाथनं फडकं घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. लोणदरी फाट्यावरच्या त्या कॉलेजात तो एकतीस वर्षं ग्रंथालय परिचर होता. निवृत्तीला चार महिने उरले होते. या एकतीस वर्षांत त्याच्या ताब्यातून एक पुस्तक गहाळ झालं नव्हतं. त्यामागे त्याची दक्षता होती तशी लोकांची पुस्तकांबद्दलची अनिच्छाही होती, पण श्रेय त्याने एकट्यानेच घेतलं होतं. त्यामुळे वाळवीची गोष्ट त्याच्या तोंडी शोभत नव्हती, आणि समोर उभी असलेली पोरगी त्याचीच होती.

शीतल त्याच कॉलेजच्या संशोधन केंद्रात पीएचडी करत होती. विषय गावाकडच्या बायका आणि सरकारी आरोग्यसेवा. दोन वर्षं ती लोणदरीत आणि आजूबाजूच्या चार गावांत उन्हातान्हात फिरली, तीनशे बारा बायकांसमोर फॉर्म घेऊन बसली. बेरीज आली: शंभरातल्या एकाहत्तर बायका दवाखान्यावर नाराज. अडचण एवढीच की तीन वर्षांपूर्वी याच पाच गावांत, याच प्रश्नांवर आदिनाथ सरांनी पीएचडी केली होती आणि त्यांच्या शंभरातल्या सत्त्याऐंशी बायका समाधानी होत्या. आता सर संशोधन केंद्राचे प्रमुख होते आणि शीतलच्या समितीवर बसणार होते.

"तृप्ती मॅडम काय म्हणल्या?" बद्रीनाथनं विचारलं. तृप्ती मॅडम म्हणजे शीतलच्या मार्गदर्शक.

"म्हणल्या, एक तर फरक का पडला ते दाखव, न्हाई तर तुझे आकडे सरांच्या जवळ आणून ठेव. दहा दिवस हायेत सेमिनारला." तिनं ओढणीनं मान पुसली. "मला सरांचे मूळ फॉर्म बघायचेत, अण्णा. त्यांच्या बायकांनी काय सांगितलं ते तर वाचू."

त्यांच्या बायकांनी काय सांगितलं हे बद्रीनाथला तोंडपाठ होतं. त्या सगळ्या त्याच्याच तोंडानं बोलल्या होत्या.

त्याचं असं झालं होतं. कॉलेजला वरची श्रेणी हवी होती. श्रेणीसाठी गुण हवे होते आणि गुणांसाठी डॉक्टर. भरायच्या तक्त्यात रकाना होता, पीएचडीधारक प्राध्यापक किती. प्राचार्यांकडे दोन होते, त्यांतले एक वारले होते. मग स्टाफ मीटिंगमध्ये ठरलं की तीन वर्षांत अकरा डॉक्टर करायचे. गावात औषधपाण्याला एक नर्सबाई होती, तीही आठवड्यातून तीन दिवस. कॉलेजात मात्र अकरा डॉक्टर होणार होते.

अकरा जणांना संशोधन आलं, पण गावात जायला वेळ कोणालाच नव्हता. पहिल्यांदा एका सरांनी कंटाळून पन्नास फॉर्म बद्रीनाथच्या टेबलावर टाकले आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या गल्लीतल्यांकडून घ्या जरा भरून." बद्रीनाथ पहिल्या दिवशी खरंच गल्लीत गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की तिघांनी एकच उत्तर दिलं की चौथ्याचं घरी बसून सांगता येतं. तिसऱ्या दिवसापासून तो गल्लीत गेला नाही.

पण काम करायचं तर नीट, हा त्याचा स्वभाव. पाच पेनं ठेवली. म्हाताऱ्यांसाठी डावा हात, सातवी शिकलेल्यांसाठी उजवा, पदवीधरांसाठी उजवाच पण घाईत. अंगठे लागले की हाताची दहा बोटं पुरत. फार झाले तर चप्पल काढून पायाचे दोन. भरलेला फॉर्म चार घड्या करून दिवसभर विजारीच्या खिशात ठेवायचा, म्हणजे तो घरोघर फिरल्यासारखा मळतो. दहांतल्या आठ बायका समाधानी, एक पूर्णतः समाधानी, एक तटस्थ. मधूनच एखादी रुसवायची, म्हणजे वाचणाऱ्याला गाव जिवंत वाटतं. जालन्याचा कॉम्प्युटरवाला, जो या सगळ्याचे तक्ते काढायचा, तो म्हणायचा, "तुमच्या कॉलेजचा डेटा लई साफ येतो बुवा." बद्रीनाथला ते ऐकून बरं वाटायचं. त्याचं काम साफ आहे असं एकतीस वर्षांत दुसऱ्या कुणी म्हटलं नव्हतं.

पैसे त्यानं कधी घेतले नाहीत. त्याला त्याचा अभिमान होता आणि सरांना त्याची सोय होती. त्याला मिळायची ती खुर्ची. स्टाफरूममध्ये गेला की आदिनाथ सर म्हणायचे, "बसा, बद्रीभाऊ." आणि एक शब्द मिळाला होता: शीतलचं रजिस्ट्रेशन मी करून देतो.

आदिनाथ सर तत्त्वाचे माणूस. पाच गावांची मतदारयादी देताना त्यांनी बजावलं होतं, "बायकांमधलं दर सातवं नाव घ्यायचं. सातवं म्हणजे सातवंच. मनानं नावं निवडायची नाहीत. संशोधनात लबाडी चालत नाही."

बद्रीनाथनं तो नियम अक्षरशः पाळला. तीनशेपैकी दोनशे नव्याण्णव फॉर्म सुखासमाधानानं भरून झाले. एकाचं वेगळं झालं.

"बद्रीभाऊ, जरा या."

शीतल गेल्यावर तासाभरात निरोप आला. आदिनाथ सरांच्या केबिनबाहेर आता पितळी पाटी होती. सरांनी खुर्ची दाखवली, पण बसा म्हणाले नाहीत.

"पोरगी फॉर्म मागते म्हणे."

"हो जी."

"मग काय सांगितलं?"

"वाळवी."

"बराबर." सर हसले. "पुढच्या महिन्यात श्रेणीची कमिटी येऊन राह्यली. कागदपत्रांची हलवाहलवी करायची ही वेळ न्हाई. आणि तुमचं कसंय बद्रीभाऊ, चार महिने राहिले. माणूस चांगल्या नावानं बाहेर पडला पाहिजे. पोरीचंही बघायचंय आपल्याला. एकाहत्तर नाराज म्हणे! कोण बोललं एवढं? आपल्या बायका तोंडावर कधी नाराज असतात का?"

"माझी होती, जी," बद्रीनाथ म्हणाला.

सरांना तो विनोद वाटला. ते पुन्हा हसले.

घरी शीतल नव्हती, परतूरला झेरॉक्स काढायला गेली होती. तिची पिशवी खुंटीला. बद्रीनाथनं ती काढली. चोरी म्हणून नव्हे. एका कारागिरानं दुसऱ्याचं काम बघावं तसं. बाजेवर मांडी घालून त्यानं तिचा पहिला फॉर्म उघडला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं जे करत होतो त्यातलं काहीच या कागदासारखं दिसत नव्हतं.

वयाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'माहीत नाही, भूकंपाच्या साली लग्न झालं.' समाधानाच्या पाच चौकटींत कुठेच खूण नाही, शेजारी शीतलच्या बारीक अक्षरात, 'नर्स चांगली आहे हो, पण ती असते कुठं?' दुसऱ्या फॉर्मवर एका बाईनं प्रश्न तीनला हो म्हटलं होतं, सातला तेच उत्तर नाही, आणि खाली नोंद, 'मधे सासू येऊन बसली.' तिसरा फॉर्म अर्ध्यात थांबलेला. कारण: 'रडू लागल्या. पुन्हा जाणे.' आणि खाली पुढची तारीख टाकून उरलेला भरलेला. घड्या नव्हत्या, मळवलेलं काही नव्हतं. तटस्थ तर तीनशे बारांत कोणीच नव्हती. आपण इतक्या तटस्थ बायका कुठून आणल्या होत्या, हे त्याला आठवेना.

हा माल आपल्याला जमला नसता, त्याच्या मनात आलं. पाचच काय, पन्नास पेनं घेतली असती तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज भरायच्या आधी त्यानं मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं, सुतळीनं बांधलेले सहा गठ्ठे काढले आणि शीतलसमोर ठेवले.

"वाळवीनं परत केले?" ती म्हणाली.

"बस खाली."

"काय झालं?"

"हे सगळे म्या भरलेत. कोणी बाई-गिई न्हाई. म्याच."

शीतलनं पहिला गठ्ठा सोडला होता. सुतळी तिच्या हातात तशीच राहिली. मग तिनं एकामागून एक फॉर्म उलटायला सुरुवात केली. रडली नाही, ओरडली नाही, मोजत गेली. बापाचीच पोरगी.

"अण्णा, मी दोन वर्षं ज्या आकड्याला भिऊन राह्यले, तो तुमचा होता?"

"हो."

"माझ्या रजिस्ट्रेशनसाठी?"

त्यानं मान हलवली. हो की नाही ते तिनं समजून घ्यावं.

मोजणी दोनशे नव्याण्णववर थांबली. शेवटच्या गठ्ठ्याच्या तळाशी एक फॉर्म वेगळा, टाचणी लावलेला. वर लाल शाईत आदिनाथ सरांच्या अक्षरात दोन शब्द: 'विसंगत. बाद.' उत्तरदाती क्रमांक २१७. नाव, द्वारकाबाई बद्रीनाथ. वय सेहेचाळीस.

बद्रीनाथ म्हणाला, "ते राहू दे," पण तिचं वाचणं सुरू झालं होतं.

फॉर्म भरताना यादीवर सात मोजत बद्रीनाथचं बोट खाली आलं होतं आणि नेमकं त्या नावावर थांबलं होतं. द्वारकाबाईला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. नाव कमी करायचा अर्ज त्यानं दिलाच नव्हता. उद्या देऊ, परवा देऊ. पुढचं नाव घेतलं असतं तरी कोणाला कळणार होतं? पण सातवं म्हणजे सातवंच. त्यानं उजवा हात घेतला, स्वतःचं रोजचं पेन घेतलं. पाचही चौकटी रिकाम्या सोडल्या. 'इतर काही सांगायचे असल्यास' याखाली दोन ओळींची जागा होती. ती पुरली नाही, म्हणून कागद उलटा केला होता.

'दुपारी एक वाजता दम लागला. उपकेंद्राला कुलूप होते. नर्सबाई तालुक्याला मीटिंगला गेल्त्या. चावी कुणापाशी न्हाई. फाट्यावर जीप होती पण भरल्याबिगर निघेना, अजून तीन सीट पाहिजेत म्हणला. माझे मालक त्याच्या पाया पडले. सव्वातीनला निघाली. आष्टीचा दवाखाना दिसायच्या आधी मी गेले. पोरीची परीक्षा चालू हाय, तिला डॉक्टर आल्ते असे सांगावे.'

शीतलनं तो कागद दोनदा वाचला. तेव्हा ती छत्रपती संभाजीनगरला एम.ए.चे पेपर देत होती. डॉक्टर बराबर आल्ते, इंजेक्शन दिलं, आपलं नशीब, असं तिला फोनवर सांगितलं होतं आणि तीन वर्षं तिनं ते खरं मानलं होतं. आईच्या गावातल्या आणि आजूबाजूच्या तीनशे बारा बायकांना तिनं दवाखान्याबद्दल विचारलं. आपल्या घरात मात्र विचारायचं राहून गेलं होतं.

"लिहून द्याल?" शेवटी तिनं विचारलं. "हे सगळं तुम्हीच भरलं म्हणून?"

"देतो."

"नोकरी जाईल."

"चार महिने तर राहिलेत. केवढी जाईल?"

त्यानं लिहून दिलं. एका फुलस्केप कागदावर, तारीख घालून, 'हे तीनशे फॉर्म मी, बद्रीनाथ रामकिसन, ग्रंथालय परिचर, माझ्या हाताने भरले.' दुसऱ्याच्या नावानं हजारो कागद भरलेल्या माणसाला स्वतःच्या नावानं एक कागद भरायला अर्धा तास लागला. खाली सही केली तेव्हा ती जरा वाकडी आली. सरावच नव्हता.

शीतलनं तो कागद प्राचार्यांकडे दिला आणि तीन जणांची चौकशी समिती बसली. पोहे झाले, चहा झाला. बद्रीनाथला बोलावून विचारलं, तुम्ही फॉर्म भरले का? तो म्हणाला, भरले. कोणी सांगितलं? आदिनाथ सरांनी. लेखी सांगितलं का? न्हाई. मंग कसं म्हणता? समितीतल्या मधल्या गृहस्थांनी हे इतक्या मायेनं विचारलं की बद्रीनाथला त्यांची अडचण समजली. पुढच्या महिन्यात कमिटी यायची होती. अकरा डॉक्टरांतला एक गळला तर दहा उरतात, आणि एकाला ओढलं की मागची साखळी कुठपर्यंत येईल ते कोण सांगणार?

अहवाल आला. शीतलनं तो बापाला वाचून दाखवला, उभ्या उभ्या.

'सदर कर्मचाऱ्याने संशोधन अभिलेखात अनधिकृत लेखन केल्याचे त्याच्याच जबाबावरून सिद्ध होते. उत्तरदाती क्रमांक २१७ सर्वेक्षणापूर्वीच मयत असल्याने सदर फॉर्म बनावट आहे. उर्वरित २९९ उत्तरदात्या मतदारयादीनुसार अस्तित्वात असल्याने त्यांच्या फॉर्मविषयी शंका घेण्यास जागा नाही. संशोधकाने फॉर्म क्रमांक २१७ आधीच बाद केला होता, यावरून त्यांच्या संशोधनातील काटेकोरपणा दिसून येतो.'

बद्रीनाथ ऐकत होता. तीनशेंत खरा एकच होता आणि तोच तेवढा खोटा निघाला.

"मंग माझं काय?"

"निलंबन. पुढील आदेशापर्यंत."

"आन तुझं?"

"माझ्या फॉर्मवर उत्तरदात्यांच्या भावनांचा प्रभाव दिसतो म्हणे. सगळे नव्यानं घ्यायचे. तीनशे बारा." तिनं अहवालाची घडी केली. "तृप्ती मॅडम बाजूला घेऊन म्हणल्या, पुन्हा कशाला फिरती, घरीच बसून कर की. सगळे तसंच करतात."

"मंग?"

शीतलनं अहवाल पिशवीत टाकला. २१७ नंबरचा कागद वाचल्यापासून ती बापाशी कामापुरतंच बोलत होती. ताट वाढायची, पाणी ठेवायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. आईचं नाव दोघांपैकी कोणी काढलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ती कोरे फॉर्म पिशवीत भरत होती. बद्रीनाथ आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून दारात उभा राहिला. एकतीस वर्षांनंतर कामाच्या दिवशी कुठं जायचं नव्हतं, आणि पायांना ते कळत नव्हतं.

"मी येऊ का संगं? पिशवी धरायला."

तिनं वर पाहिलं. "यायचं तर या. पण बोलायचं न्हाई. बाई अडली तरी एक शब्द सुचवायचा न्हाई."

"न्हाई सुचवत."

पहिलं घर गल्लीतल्या भुजंगच्या आईचं होतं. म्हातारी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. शीतलला पाहून म्हणाली, "पुन्हा आली का गं? मागच्या वर्साला सांगितलं ते सांडलं काय वाटंत?"

"सांडलं न्हाई, आजी. सायबांना पटलं न्हाई."

"त्यांना कशाला पटंल? त्यांना कुठं काय झालं." म्हातारीनं सूप बाजूला सारलं. "लिव."

शीतलनं तिसरा प्रश्न विचारला, दवाखान्यात गेल्यावर सेवा किती वेळात मिळाली. म्हातारीनं सुरुवात सुनेच्या माहेरापासून केली. मग सुनेचे दिवस भरले, मग भुजंगनं मोटारसायकल कुणाची मागितली, त्याचं आणि यांचं कधीपासून जमत नाही, आणि पंक्चर कुठं झालं. ऊन ओसरीच्या पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आलं. बद्रीनाथनं हा प्रश्न अर्ध्या मिनिटात उरकला असता. दोनदा त्याचे ओठ हलले. शीतलनं नुसतं पाहिलं, आणि तो शेंगा सोलायला लागला.

बाळ वाचलं नव्हतं. म्हातारीनं ते जसं झालं तसं सांगितलं, आवाज न चढवता, आणि मग थांबली.

"लिवलं का, बाई?"

"लिहिलं."

"वाचून दाखीव."

शीतलनं वाचलं. म्हातारी मान हलवत ऐकत होती. एका जागी तिनं हात वर केला.

"काय म्हणली? चार वाजता?"

"तुम्हीच म्हणलात ना आजी, चार?"

"चुकून म्हणले असंन. चारला तर आम्ही फाट्यावर होतो. कुलूप उघडलं तवा पाच वाजल्ते. खोड ते."

"एका तासानं काय होतं, आजी?"

"तुला काय होत नसंल. लेकराला झालं." म्हातारीनं कागदाकडे बोट केलं. तिला वाचता येत नव्हतं, पण बोट बरोबर त्याच ओळीच्या आसपास गेलं. "खोड म्हणते ना. पाच लिव."

शीतलनं चार खोडलं, त्याच्यावर पाच लिहिलं आणि शेजारी बारीक सही केली.

"हां," म्हातारी म्हणाली. "आता पुढचं इचार."